हिऱ्यांचे चित्रकार : अंबाजी व्यंकटेश शिंदे

ठुशी, वज्रटीक, बोरमाळ, मोहनमाळ, पुतळ्यांची माळ, पाटल्या, तोडे, गोठ ही नावे कर्जत, राशीन, मिरजगावच्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या उच्चारली गेली आहेत. लग्न ठरले की सराफाच्या पेढीवर बैठक बसावी, तराजू पुढे यावा, जुन्या दागिन्यांची मोड घालावी आणि नव्याची घडण ठरवावी, हा आपल्याकडील रिवाज. या व्यवहारात सोन्याचा कस पाहिला जातो, वजन पाहिले जाते, घडणावळीवर घासाघीस होते. परंतु हा आकार प्रथम कोणाच्या मनात आला, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. दागिना मोडला की सोने उरते, रत्न उरते. नाहीशी होते ती रचना, आणि रचनेबरोबर रचनाकाराचे नावही मुशीत वितळून जाते.

विसाव्या शतकात अत्यंत मौल्यवान हिरे ज्यांच्या हाताखालून गेले, त्या हिऱ्यांना दागिन्याचे रूप कसे द्यावे हे ज्यांनी आयुष्यभर कागदावर रंगवले, त्या अंबाजी व्यंकटेश शिंदे यांचे नावही असेच पडद्याआड राहिले. रत्नांच्या व्यापारातील जाणकारांत ते ख्यातनाम होते. ज्या भाषेच्या मुलखातून ते गेले, तेथील सामान्य वाचकाला मात्र त्यांची ओळख फारच थोडी आहे.

शिंदे यांचा जन्म १९१७ साली गोव्यातील म्हापसा येथे झाला. बार्देश तालुक्यातील हे गाव शुक्रवारच्या मोठ्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. त्या काळी गोवा पोर्तुगीजांच्या अंमलाखाली होता. शिक्षण, चाकरी आणि कला या तिन्ही गोष्टींसाठी गोमंतकीय तरुणांची पावले मुंबईकडे वळत. गायक-वादक वळले, नाटकमंडळींतील नट वळले, तसेच चित्रकारही वळले. अँतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांच्यासारखे नामवंत गोमंतकीय चित्रकार सर ज. जी. कलाशाळेत शिकले व तेथेच त्यांनी अध्यापनही केले. त्याच कलाशाळेत पुढे शिंदे यांनी शिक्षण घेतले.

ही संस्था १८५७ साली सुरू झाली. तिच्या स्थापनेमागे केवळ चित्रे काढणारे कलावंत निर्माण करण्याचा हेतू नव्हता. देशी कारागिरीला रेखाटनाची शिस्त लावावी, हाही त्यामागील विचार होता. १८९१ पासून तेथे धातुकाम व अन्य हस्तव्यवसायांच्या कार्यशाळाही चालू झाल्या. पान, वेल, फूल, पक्षी यांचे निरीक्षण करून त्यांतून नक्षी कशी सिद्ध करावी, उजेड कोठून येतो व सावली कोठे पडते, हे तेथे काटेकोरपणे शिकवले जाई. ही विद्या पुढे कोणत्या कामी येईल याची कल्पना त्या वयात विद्यार्थ्याला क्वचितच असते. शिंदे यांच्या बाबतीत ती आली झवेरी बाजारात.

कलाशाळेतून बाहेर पडल्यावर मुंबईतील नरोत्तमदास भाऊ या नामांकित जवाहिऱ्यांच्या पेढीत दागिन्यांचे आराखडे काढण्याचे काम त्यांना मिळाले. हे काम आपल्याकडे तेव्हा तसे नवेच होते. आपला सोनार नक्षी डोक्यात ठेवीत असे. त्याच्या आजाने जी घडण केली ती बापाने केली, आणि बापाची पाहून त्याने. गिऱ्हाईक आले की त्याला जुना नमुना दाखवायचा किंवा शेजारणीच्या गळ्यातील माळेची खूण पटवायची, एवढ्यावर काम भागे. कागदावर आधी दागिना काढायचा, तो गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि मग कारागिराने त्या कागदाबरहुकूम घडवायचे, ही पद्धत युरोपातील पेढ्यांची. ती मुंबईत रुजली याला कारण आपले संस्थानिक.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत हिंदुस्थानातील राजेमहाराजे आपल्या खजिन्यातील रत्ने पेट्यांत भरून पॅरिसला नेऊ लागले होते. १९२८ साली कार्तिए या पेढीने पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्यासाठी जो हार पूर्ण केला, त्यात २,९३० हिरे होते आणि मध्यभागी २३४ कॅरटांहून अधिक वजनाचा एकच हिरा होता. आपल्या हिशेबाने सांगायचे तर तो एक हिराच चार तोळ्यांचा. पुढे या हाराचे जे झाले ते येथेच सांगून टाकलेले बरे. १९४८ च्या सुमारास तो पतियाळाच्या खजिन्यातून नाहीसा झाला. मधला मोठा हिरा १९८२ साली जिनिव्हातील लिलावात एकटाच प्रकट झाला. हाराचा उरलेला सांगाडा १९९८ साली लंडनच्या एका दुकानात सापडला, तोही मोठी रत्ने काढून घेतलेल्या अवस्थेत. कार्तिएने मोकळ्या जागी दुसरे खडे बसवून तो पुन्हा उभा केला, परंतु हे करता आले ते पेढीच्या दप्तरात मूळ हाराच्या नोंदी होत्या म्हणून. दागिन्याच्या दुनियेत कागदाचे मोल काय, हे यावरून ध्यानात यावे.

पॅरिसची ही चाल पाहून मुंबईच्या पेढ्यांनाही तसेच काम येथे करून देण्याची गरज भासू लागली आणि हाती कुंचला असलेल्या माणसाला झवेरी बाजारात स्थान मिळाले. हे चित्र सामान्य चित्रासारखे नसते. दागिना जेवढा व्हायचा तेवढाच, प्रत्यक्ष आकारात, अपारदर्शक जलरंगांनी रंगवावा लागतो. कागद बहुधा करडा किंवा गडद रंगाचा असतो, कारण पांढऱ्या कागदावर हिरा दिसणार कसा? प्रकाश डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यातून येतो असा संकेत जगभरातील कारागीर पाळतात. त्यामुळे चित्रातील छायेवरून कोणता खडा उंच बसवायचा व कोणता खाली, हे घडवणाऱ्याला न सांगता कळते. एकेका हिऱ्याचे पैलू पांढऱ्या रंगाच्या केसाएवढ्या रेघांनी दाखवायचे. पाचूचा हिरवा आणि नीलमाचा निळा असा लावायचा की, खडा आतून उजळल्याचा भास व्हावा. शिवाय गिऱ्हाईक राजघराण्यातील असल्यामुळे त्याला मोह पडेल एवढे ते देखणेही हवे. थोडक्यात, एकाच कागदावर चित्रकाराने चित्रकार, गणिती आणि विक्रेता अशा तीन भूमिका वठवायच्या.

१९४० च्या दशकात शिंदे नानुभाई जवाहिरे या मुंबईच्या पेढीत आले. बडोद्यासह अनेक राजघराणी या पेढीची गिऱ्हाइके होती. शिंदे यांची खरी तालीम येथे झाली असे म्हणावे लागेल, कारण येथे त्यांच्यापुढे एक पेच उभा होता व तो सोडवण्यातच त्यांची बुद्धी घासून लखलखीत झाली. पेच असा, की रत्ने हिंदुस्थानी, ती धारण करणारी माणसे हिंदुस्थानी, पण आवड मात्र पॅरिसची.

हा पेच नीट समजण्यासाठी आपल्या जुन्या जडावाची रीत डोळ्यांपुढे आणली पाहिजे. कोंदण हा शब्द आपण बोलण्यात सहज वापरतो. त्याचे मूळ कुंदन या कामात आहे. या पद्धतीत सोन्याच्या पोकळ घडणीत लाख भरतात. तिच्यावर चकाकता वर्ख ठेवून खडा बसवतात आणि शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या कडेने दाबून त्याला पक्के करतात. शुद्ध सोने इतके मऊ असते की, ते नुसत्या दाबाने एकजीव होते, त्याला डाक लावावा लागत नाही. खडा मागून बंद असतो. त्याच्यात जे तेज दिसते ते वर्खावरून परतलेल्या प्रकाशाचे. म्हणून जुन्या दागिन्यातील हिरा दिव्याच्या उजेडात शांत, ओलसर दिसतो. तो डोळ्यांत खुपत नाही. अशा घडणीत सोने हा यजमान असतो व रत्न हा पाहुणा.

पैलू पाडलेल्या आधुनिक हिऱ्याची गोष्ट निराळी. त्याला प्रकाश सर्व बाजूंनी हवा. वरून शिरलेला किरण आतल्या पैलूंवर आपटून पुन्हा वर यावा, अशा हिशेबाने त्याचे कोन पाडलेले असतात. तो मागून बंद केला तर त्याचा जीव गुदमरतो. मग त्याला धरायचे कसे? येथे प्लॅटिनम उपयोगी पडले. सोने १,०६४ अंश सेल्सिअसला वितळते, तर प्लॅटिनमला सुमारे १,७७० अंश लागतात. एवढी उष्णता पेढ्यांना सहजसाध्य झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. हा धातू पांढरा असतो, काळा पडत नाही आणि इतका चिवट असतो की, त्याच्या अगदी बारीक नखीनेही मोठा खडा घट्ट धरता येतो. यजमानाने मागे सरावे आणि पाहुण्याला बैठकीच्या मध्यभागी बसवावे, अशी ही उलटापालट होती.

ज्यांना एकच पद्धत ठाऊक असते, त्यांना तिच्या मर्यादा दिसत नाहीत. शिंदे यांना दोन्ही ठाऊक झाल्या. सोन्याच्या कामातील भरगच्चपणा, रंगांची मोकळीक, कुयरी आणि कमळ यांसारखे आकार त्यांच्या नजरेत मुरलेले होते, आणि दुसरीकडे प्लॅटिनमच्या कामातील हलकेपणाही हाताला सवयीचा झाला. हीच शिदोरी त्यांना पुढे आयुष्यभर पुरली.

दरम्यान देश स्वतंत्र झाला, संस्थाने विलीन झाली आणि राजघराण्यांच्या तिजोऱ्यांतून रत्नांचा ओघ उलट दिशेने वाहू लागला. विकत घेणारे विकणारे झाले. आपल्या जिल्ह्याला ज्यांचे नाव मिळाले त्या अहिल्यादेवींचे माहेर शेजारच्या जामखेड तालुक्यातील चौंडी. त्या ज्या होळकर घराण्यात सून म्हणून गेल्या, त्याच घराण्यातील इंदूरच्या महाराजांपाशी थेंबाच्या आकाराचे दोन विख्यात हिरे होते, प्रत्येकी ४६ कॅरटांहून अधिक वजनाचे. ते १९४६ साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी विकत घेतले. बडोद्याच्या महाराणी सीतादेवी यांचे पाचू-हिऱ्यांचे पैंजण १९५३ साली त्यांच्याकडेच गेले. विन्स्टन यांनी त्यांतील रत्नांचा कंठा घडवून तो इंग्लंडच्या माजी राजांच्या पत्नी, विंडसरच्या डचेस, यांना विकला. १९५७ साली न्यूयॉर्कच्या एका नृत्यसमारंभात डचेस तो घालून आल्या आणि त्याच समारंभास उपस्थित असलेल्या सीतादेवींनी, ही रत्ने पूर्वी आपल्या पायांत होती असे सर्वांदेखत सांगितले. डचेसने तो कंठा परत केला, असे सांगतात. लोक ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. पैंजणांची मूळ घडण त्या व्यवहारात कायमची मोडली, ही बाजू तिच्यात कोणी सांगत नाही.

हे हॅरी विन्स्टन कोण, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. त्यांचा जन्म १८९६ सालचा, न्यूयॉर्कमधील एका सामान्य ज्यू कुटुंबातील. वडिलांचे लहानसे जवाहिऱ्याचे दुकान होते. लहानपणीच एका गहाणवटीच्या दुकानात काचेचे म्हणून पंचवीस सेंटांना ठेवलेले रत्न त्यांनी अस्सल पाचू म्हणून ओळखले, अशी आख्यायिका आहे. १९३२ साली त्यांनी स्वतःच्या नावाची पेढी काढली. श्रीमंत घराण्यांचे जुने दागिने एकगठ्ठा विकत घ्यायचे, मोडायचे, हिऱ्यांना नव्या धर्तीने पैलू पाडायचे आणि नव्या घडणीत बसवून विकायचे, हा त्यांच्या भरभराटीचा पाया. म्हणजे आपल्याकडील मोडीचाच व्यवहार, परंतु केवढ्या प्रमाणावर! भारतातील गोवळकोंड्याच्या मुलखातून निघालेला ४५.५२ कॅरटांचा निळा होप हिरा १९४९ साली त्यांच्याकडे आला आणि १९५८ साली त्यांनी तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला दान दिला. तोही साध्या रजिस्टर टपालाने पाठवून.

दागिन्याच्या रचनेबद्दल विन्स्टन यांचा एकच ध्यास होता. धातू दिसूच नये, रत्ने जणू थेट त्वचेवर उमलली आहेत असे वाटावे. हा विचार कसा सुचला याची कथाही त्यांच्या पेढीत प्रसिद्ध आहे. नाताळात पाश्चात्य लोक दारावर हिरव्या पानांचे कडे टांगतात, आपल्या तोरणासारखेच. बर्फाने माखलेले असे एक कडे विन्स्टन यांनी पाहिले. त्यांच्या ध्यानात आले की, येथे फांदी कोठेच दिसत नाही. पानांनीच पानांचा आकार धरला आहे. पेढीचे मुख्य रचनाकार नेव्हडन कूमरूयान यांच्या साह्याने हा विचार १९४० च्या दशकात प्रत्यक्षात उतरला. प्लॅटिनमच्या बारीक तारा, त्यांच्यावर थेंबाच्या, नावेच्या व गोल आकाराचे हिरे, आणि प्रत्येक हिऱ्याची उंची व कोन निराळा. असा हार हातात घेतला तर वस्त्रासारखा लवतो, गळ्यात घातला तर बेतून शिवल्यासारखा बसतो आणि माणूस हलला की त्यातील हिरे आळीपाळीने चमकतात.

१९५० च्या दशकाच्या मध्यास नानुभाई पेढीच्या व्यवहारांतून विन्स्टन आणि शिंदे यांचा परिचय झाला. शिंदे यांच्या चित्रांतील गुण त्या पारख्याने तत्काळ हेरला. त्यांना न्यूयॉर्कला येण्याचे निमंत्रण मिळाले आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी ते विन्स्टन यांच्या पेढीत दाखल झाले. चाळिशी उलटलेला, मुंबईत मान मिळवलेला माणूस परक्या देशात नव्याने पाटीवर अक्षर गिरवायला बसला, असेच याचे वर्णन करावे लागेल. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. ज्या म्हापशात ते पोर्तुगीज प्रजाजन म्हणून जन्मले ते म्हापसे भारतात आले, त्याच सुमारास त्यांचे आयुष्य भारताबाहेर रुजत होते.

मागे राहिलेल्या झवेरी बाजारात त्यानंतर लवकरच जे घडले, ते आपल्या सराफी घरांतील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल. १९६३ च्या जानेवारीत मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना केंद्र सरकारने सुवर्ण नियंत्रण नियम जारी केले आणि १४ कॅरटांहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी आली. चिनी आक्रमणानंतर देशाला परकीय चलनाची निकड होती व सोन्याची चोरटी आयात थांबवायची होती, हे खरे. पण चौदा कॅरटांत आपली घडण होते कोठे? ते सोने टणक, रंगाने फिके. जुन्या हत्यारांना दाद न देणारे. गावोगावच्या सोनारांच्या शेगड्या विझल्या, कित्येकांनी धंदा सोडून मजुरी धरली, काहींनी जीव दिला. पुढे १९६८ साली या नियमांच्या जागी सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि तो रद्द व्हायला १९९० साल उजाडले. १९७१ साली संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. ज्या गिऱ्हाइकांसाठी शिंदे मुंबईत चित्रे काढीत, तो वर्गच इतिहासजमा झाला. ते येथेच राहते तर त्यांच्या कुंचल्याला तोलामोलाचे काम मिळाले असते, असे मानणे कठीण आहे. देशाने एक कलावंत गमावला असे म्हणणे सोपे असते. त्याला देण्यासारखे काम देशापाशी किती उरले होते, हेही पाहावे लागते.

न्यूयॉर्कमध्ये त्यांनी कूमरूयान यांच्या हाताखाली काम केले आणि १९६६ साली ते पेढीचे मुख्य रचनाकार झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी भारतात रत्ने व दागिन्यांच्या निर्यातीला चालना देणारी परिषद स्थापन झाली. पालनपूरच्या जैन घराण्यांनी मुंबई, सुरत, नवसारी येथे उभारलेला बारीक हिऱ्यांचा धंदा त्याच काळात जगाच्या बाजारात पाय रोवू लागला होता. भारताचे हिरेकामगार लहान हिऱ्यांना पैलू पाडीत होते आणि एक भारतीय चित्रकार जगातील मोठ्या हिऱ्यांना घर देत होता. एकाच व्यवसायाची ही दोन टोके.

विन्स्टन यांच्या पेढीत कामाचा आरंभ चित्रापासून होत नसे, रत्नांपासून होई. उपलब्ध खडे मेणाच्या थरावर मांडून पाहायचे. एक हलवायचा, दुसरा तिरका करायचा, दोघांमधील अंतर कमीजास्त करायचे. एका हारासाठी रंगाने आणि तेजाने जुळणारे हिरे गोळा व्हायला कधी महिने लागत, कधी वर्षे. मुंबईत शिंदे यांच्यापुढे राजाची इच्छा असे व तिच्याप्रमाणे रत्ने बसवायची असत. येथे रत्नच राजा होते. त्याचा आकार काय मागतो, हे ओळखून रचनाकाराने आपली हौस बाजूला ठेवायची. पुष्कळ कलावंतांना हे जाचले असते. शिंदे यांनी त्यात चार दशके काढली, आणि त्यांच्या रचनांत जो संयम दिसतो त्याचे कारण येथे असावे. परंतु संयम म्हणजे कोरडेपणा नव्हे. विन्स्टन यांची पेढी मुख्यतः पांढऱ्या हिऱ्यांच्या वैभवासाठी ओळखली जाई. हिंदुस्थानी दागिन्यांतील रंगसंगतीची आणि आकारांची जाण शिंदे यांच्या रचनांमधून तिच्या कामात उतरली.

हा काळ सर्व जगातच दागिन्यांच्या बाबतीत नव्या प्रयोगांचा होता. अमेरिकेत अलेक्झांडर काल्डर हे शिल्पकार पितळेची व चांदीची तार हातोडीने ठोकून गळ्यातली कडी घडवीत. त्यांत मौल्यवान रत्न औषधालाही नसे. चित्रकार साल्वादोर दाली यांनी दागिन्यांच्या रूपात स्वप्नातील आकृती उभ्या केल्या. लंडनमध्ये १९६१ साली गोल्डस्मिथ्स हॉल येथे आधुनिक दागिन्यांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले आणि त्यानंतर अँड्र्यू ग्रीमा यांच्यासारख्या रचनाकारांनी खडबडीत सोने व न घासलेले स्फटिक यांचे दागिने लोकप्रिय केले. या मंडळींचा प्रयोग उघड होता. दागिन्याकडे पाहताक्षणी तो दिसे, आणि त्यावर कर्त्याचे नावही असे. विन्स्टन यांच्या पेढीतील प्रयोग याच्या नेमका उलट. तेथे जे साधले ते दिसू नये, हीच साधनेची कसोटी होती. हिऱ्याला कोणी धरले आहे हे पाहणाऱ्याला कळता कामा नये. काल्डर वा ग्रीमा यांची कीर्ती मोठी झाली याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. पण न दिसणाऱ्या घडणीचे कौशल्य मोजायला पाहणाऱ्याची नजरही तशीच तयार असावी लागते, आणि दागिन्यांवरील लेखनात अशी नजर अभावानेच आढळते.

नावाचा प्रश्नही येथेच येतो. दागिना विन्स्टन यांचा म्हणून विकला जाई आणि त्याच नावाने मिरवला जाई. चित्र काढणारा, मेणावर खडे मांडणारा, तारा ओढणारा, जडणारा, झिलई देणारा, सर्वांची ओळख त्या एका नावात सामावलेली. आपल्या पेढ्यांची रीत तरी निराळी कोठे आहे? पावतीवर नाव सराफाचे असते. आतल्या खोलीत फुंकणी घेऊन बसलेल्या कारागिराचे कोणी लिहीत नाही. शिंदे यांनी ही रीत मुंबईत पाहिली होती, न्यूयॉर्कमध्येही तीच होती. त्यांच्यापाशी फरक एवढाच, की त्यांच्या कामाचा पहिला पुरावा धातूत नसून कागदावर होता.

हॅरी विन्स्टन १९७८ साली निवर्तले आणि पेढीची सूत्रे त्यांच्या पुत्राकडे आली. मालक बदलले, गिऱ्हाइके बदलली. शिंदे मात्र आपल्या जागी राहिले. संस्थानिकांच्या काळात सुरू झालेला त्यांचा कुंचला एकविसाव्या शतकापर्यंत चालत राहिला. २००१ साली, वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यानंतर, त्यांनी निवृत्ती घेतली. २००३ साली त्यांचे निधन झाले.

त्यांनी रंगवलेल्या दागिन्यांपैकी काही लिलावात येतात, काही नव्या मालकिणींच्या गळ्यात जातात, आणि मोठ्या रत्नांच्या बाबतीत नेहमी होते तसे, काहींचे खडे निघून दुसऱ्या कोंदणात बसतात. त्यांची चित्रे मात्र मोडीत निघालेली नाहीत. २००४ साली, त्यांच्या निधनाच्या पुढच्याच वर्षी, रीमा केसवानी यांनी लिहिलेले त्यांच्या कामावरील सचित्र इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. साठ-पासष्ट वर्षे दुसऱ्यांच्या पेढ्यांच्या नावाखाली काम केलेल्या या म्हापशाच्या चित्रकाराचे आडनाव त्या पुस्तकाच्या शीर्षकातच आहे.